उजवाच हात जास्त गार का? एक प्रकरण अभ्यास

३८ वर्षांच्या या बाई एका कार्यालयात हिशेबाचं काम करतात. दिवसाचे सात-आठ तास संगणकासमोर. तक्रार एवढीच : "डॉक्टर, माझे हात कायम गार असतात." सोबत रिपोर्टांची फाईल होती, आणि ती उघडायच्या आधीच त्यांनी निकाल सांगून टाकला. "सगळं नॉर्मल आहे म्हणतात. टेन्शन घेऊ नका म्हणतात. मी टेन्शन घेत नाही हो."

हात गार असणं त्यांना नवीन नव्हतं. कॉलेजात असल्यापासून तसंच. आईचेही हात तसेच, त्यामुळे घरात याला कुणी आजार म्हटलंच नाही. नवीन होतं ते गेल्या वर्षभरातलं. उन्हाळा असो की हिवाळा, कामावर बसल्या की तासाभरात बोटं गारठायची, आकडे टाइप करताना चुका व्हायच्या, हजेरीच्या यंत्रावर बोटाचा ठसा उमटायचा नाही. अधूनमधून दोन-तीन बोटं पांढरीफटक पडून बधिर व्हायची. आणि मग सहज जोडलेलं एक वाक्य : "उजव्या हाताला जरा जास्तच."

त्या वाक्यामुळे हे प्रकरण लिहायला घेतलं. दोन्ही हात सारखेच गार असतील तर बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. एकच हात जास्त गार असेल तर मात्र त्या हाताकडे येणारं रक्त वाटेत कुठे अडतंय का, हे पाहिल्याशिवाय गप्प बसता येत नाही.

आधी एक साधी गोष्ट पक्की करून घेतली : दुसऱ्याने हात धरला तर त्यालाही तो गार लागतो का? हा प्रश्न कुणी फारसा विचारत नाही, पण त्याने अर्धं काम होतं. स्वतःला गार वाटतं, पण हात लावून पाहणाऱ्याला नेहमीसारखाच लागतो, असं असेल तर दोष बहुधा रक्तपुरवठ्यात नसून मज्जातंतूंमध्ये असतो. मधुमेहात किंवा बी-१२च्या कमतरतेत असं होतं. या बाईंच्या बाबतीत शंकाच नव्हती. लेक हात झटकते, ओळख करून देताना समोरचा दचकतो, आणि आजारपणात बोटाला ऑक्सिमीटर लावला तर तो आकडाच दाखवत नाही. लोकांशी हात मिळवायचं त्या टाळू लागल्या होत्या. हे सांगताना त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले होते.

बी-१२ आणि साखरेचे रिपोर्ट फाईलमध्ये होतेच, दोन्ही ठीक. थायरॉइडचाही ठीक. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा, तोही ठीक. म्हणजे "सगळं नॉर्मल" हे खरं होतं, पण त्यातला एक महत्त्वाचा भाग शिळा होता.

फोटोतली रेघ

बोटं पांढरी पडण्याचा झटका दवाखान्यात क्वचितच दिसतो. रुग्ण येतो तेव्हा हात गुलाबी. बर्फाच्या पाण्यात हात बुडवायला लावून झटका आणायची पद्धत होती. त्यातून रुग्णाला त्रास होतो आणि निदानाला फारशी मदत होत नाही. त्यापेक्षा मोबाइलवरचा फोटो कितीतरी बरा. या बाईंनी तो काढून ठेवला होता, आणि चांगला काढला होता. उजव्या हाताची मधली तीन बोटं टोकापासून दुसऱ्या पेराच्या मध्यापर्यंत मेणासारखी पांढरी, तिथे रेघ मारल्यासारखी हद्द, आणि हद्दीच्या अलीकडे नेहमीची कातडी. अंगठा सुटलेला. पुढच्या फोटोत तीच बोटं निळसर, त्याच्या पुढच्यात लालबुंद. लाल होताना बोटं ठणकतात, असंही त्या म्हणाल्या.

नुसते गार हात आणि हे, यांत फरक आहे. पांढरा, निळा, लाल हा क्रम मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरने १८६२ साली आपल्या प्रबंधात मांडला, आणि तेव्हापासून या झटक्यांना त्याचं नाव मिळालं. बोटाकडे जाणाऱ्या बारीक धमन्या अचानक आवळल्या जातात तेव्हा बोट पांढरं. आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की निळं. वाट मोकळी होऊन रक्त परत धावलं की लाल. तिन्ही रंग प्रत्येकात दिसतीलच असं नाही. पण पांढऱ्याची हद्द स्पष्ट असली तर निदानाबद्दल सहसा शंका राहत नाही.

पण शरीराला हातांशी एवढा कंजूषपणा का करावासा वाटतो? बोटांत स्नायू नसतात. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपराखालच्या हातात असतात, काही तळहातात. बोटांत हाडं, त्या स्नायूंच्या दोऱ्या, कातडी आणि थोडी चरबी. त्यामुळे बोट स्वतःची उष्णता जवळजवळ तयार करतच नाही, जी मिळते ती रक्तातून. त्यात ते बारीक आणि लांबट, म्हणजे आकाराच्या मानाने कातडी जास्त आणि उष्णता जाण्याची सोय भरपूर. तळहातांत, बोटांत, तळपायांत, कानांत आणि नाकात धमनी आणि शीर यांना थेट जोडणाऱ्या आडवाटा असतात. अंगात ऊब जास्त झाली की त्या उघडतात आणि उष्णता बाहेर टाकतात. कमी पडतेय असं वाटलं की बंद होतात. मेंदू, हृदय, यकृत यांचं तापमान ३७ अंशांच्या आसपास राखायचं असेल तर पहिली कपात बोटांच्या वाट्याला येते. तेव्हा गार हात हा बऱ्याचदा शरीराच्या शहाणपणाचा पुरावा असतो. रेनोच्या झटक्यात हेच शहाणपण अति होतं : फ्रीजमधून एखादी वस्तू काढली, थंड झुळूक आली, वरिष्ठांनी अचानक बोलावलं, एवढ्यावरही धमन्या आवळतात. भावनेचा भाग असतोच. पण म्हणून "टेन्शन घेऊ नका" हा उपचार ठरत नाही.

तपासणी

खोलीचं तापमान २४ अंश होतं. इन्फ्रारेड थर्मामीटरने त्यांचा तळहात ३१, डाव्या मधल्या बोटाचं टोक २७ आणि उजव्याचं २५. म्हणजे बोटांची टोकं जवळजवळ खोलीएवढीच.

दोन्ही मनगटांच्या नाड्या सारख्या, दोन्ही दंडांचा रक्तदाब सारखा (११८/७६), हात डोक्यावर धरून ठेवल्यावरही नाडी हरवत नव्हती. मग मनगटावरच्या दोन्ही धमन्या अंगठ्यांनी दाबून धरल्या, त्यांना मूठ घट्ट मिटून उघडायला सांगितली, आणि पांढऱ्या पडलेल्या तळहातावर एकेक धमनी सोडून पाहिली. प्रत्येक वेळी काही सेकंदांत तळहात गुलाबी झाला, उजवीकडेही आणि डावीकडेही. मोठ्या वाटा मोकळ्या होत्या.

पुढचं पाहणं नखाच्या मुळाशी. अनामिकेच्या नखालगतच्या कातडीवर तेलाचा एक थेंब टाकला आणि त्वचारोगतज्ज्ञ वापरतात त्या भिंगाने (डर्मास्कोपने) पाहिलं, की केशवाहिन्या दिसतात : हेअरपिनच्या आकाराचे बारीक तांबडे वळसे, एका रांगेत, सगळ्यांची तोंडं बोटाच्या टोकाकडे. कातडी जाड आणि कडक करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या आजारात ही रांग मोडते; काही वळसे फुगून भले मोठे होतात, मध्येच रक्ताचे ठिपके दिसतात, कुठे वळसेच नसतात. बाईंची रांग शिस्तीत होती. बोटं सुजलेली नव्हती, कातडी ताणलेली नव्हती, टोकांवर जखमेचा वण नव्हता, सांधे दुखत नव्हते, गिळायला त्रास नव्हता, तोंड-डोळे कोरडे पडत नव्हते.

एएनए, म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी, मी सहजासहजी लिहीत नाही. निरोगी माणसांतही ती बऱ्याचदा थोडी पॉझिटिव्ह येते आणि मग माणूस वर्षानुवर्षं नसलेल्या आजाराची वाट पाहत बसतो. इथे मात्र त्रास तिशीच्या शेवटी वाढला होता आणि एका बाजूला जास्त होता, म्हणून ती करून घेतली. निगेटिव्ह आली. केशवाहिन्या नीट आणि एएनए निगेटिव्ह, या दोन गोष्टींचं वजन किती, ते २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ५८६ रुग्णांच्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यावरून कळतं : ज्यांच्या केशवाहिन्या बिघडलेल्या होत्या आणि रक्तात स्क्लेरोडर्माची विशिष्ट प्रतिपिंडं होती, त्यांतल्या जवळपास ८० टक्के लोकांना पुढे तो आजार झाला, ज्यांच्यात दोन्ही नव्हतं त्यांत हे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी. हा आकडा बाईंना सांगितला तेव्हा त्यांनी तो फाईलच्या कव्हरवर लिहून घेतला.

म्हणजे मुळातला त्रास प्राथमिक रेनोचा. तरुणपणी सुरू झालेला, आईकडून आलेला, मागे दुसरा आजार नसलेला. पण एवढ्याने दोन प्रश्न सुटत नव्हते. वीस वर्षं निमूट असलेला त्रास वर्षभरातच का बळावला? आणि उजवीकडेच का?

वर्षभरात काय बदललं

रोज काही गोळ्या घेता का, असं विचारलं तर उत्तर आलं, "नाही, काही नाही. डोकेदुखीची तेवढी." अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी त्यांना प्रोप्रानोलॉल सुरू केली होती. केव्हा? आठवून म्हणाल्या, "सव्वा वर्ष झालं असेल."

प्रोप्रानोलॉल अर्धशिशीवर चांगलं काम करते. त्यांचे झटके खरोखरच कमी झाले होते. पण गार हात हा तिचा ठरलेला दुष्परिणाम. रक्तवाहिन्यांना "सैल हो" आणि "आवळ" असे दोन निरोप सतत मिळत असतात. ही गोळी पहिला निरोप अडवते, दुसरा चालू राहतो. हृदयही थोडं संथ होतं. त्यातून अर्धशिशी आणि रेनो हे मुळातच बऱ्याचदा एकत्र आढळतात, म्हणजे ज्यांना ही गोळी मिळण्याची शक्यता जास्त, त्यांनाच तिचा हा त्रास होण्याची शक्यताही जास्त. ही सांगड औषध लिहिणाऱ्याच्या लक्षात राहायला हवी; रुग्णाला ती कशी कळणार? सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं, पण रक्तवाहिन्या आवळणारं औषध असतं, आणि अर्धशिशी आल्यावर घ्यायच्या काही गोळ्याही धमन्या आवळतात. या दोन्हींचीही चौकशी केली. त्या घेत नव्हत्या. धूम्रपान नाही.

दुसरा बदल पाळीतला. वर्षभर अंगावरून जास्त जात होतं, पण "या वयात होतंच" म्हणून त्या कुठे बोलल्या नव्हत्या. ताजं हिमोग्लोबिन १०.४ आलं, म्हणजे कमी, आणि शरीरातला लोहाचा साठा सांगणारं फेरिटिन एक आकडी, म्हणजे साठा जवळजवळ संपलेला. लोह कमी पडलेलं शरीर थंडीत उष्णता तयार करायला आणि टिकवायला कमी पडतं. फेरिटिन न पाहता फक्त हिमोग्लोबिनवर बोळवण करण्याची सवय सुटायला हवी. साठा बराच आधी संपतो, हिमोग्लोबिन मागाहून उतरतं.

तिसरा बदल त्यांनी हसत सांगितला, कारण तो त्यांना कारण वाटतच नव्हता. बढती मिळाली आणि जागा बदलली. नव्या टेबलाच्या वर, किंचित उजवीकडे, एसीचा झोत.

माउस डाव्या हातात

कंपन करणारी यंत्रं हातात धरणाऱ्यांची बोटं पांढरी पडतात, हे १९१८ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी चुनखडीच्या खाणीतल्या पाथरवटांना तपासून लिहून ठेवलं. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे तेव्हा नवे होते. त्या अभ्यासातली मला नेहमी आठवणारी गोष्ट म्हणजे छिन्नी धरणारा डावा हात जास्त बिघडलेला होता. दोन हातांत फरक दिसला की धमन्या तपासायच्याच. पण तो हात दिवसभर काय करतो, हेही तितकंच बारकाईने विचारायचं.

बाईंचा उजवा हात दिवसभर माउस धरून होता. डावा हात मांडीवर येतो, खिशात जातो, अंगाजवळ असतो. माउसचा हात लांब केलेला, बोटं तशीच वळलेली, जवळजवळ न हलणारी, आणि वरून झोत. धमन्यांची तपासणी स्वच्छ होती, म्हणून पुढची चाचणी त्यांच्या टेबलावरच करायची ठरली : दोन आठवडे माउस डाव्या हाताने चालवायचा, बाकी काही बदलायचं नाही.

"डाव्या हाताने मला जमणार कसं?" त्या कुरकुरल्या, पण केलं. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस डावा हात उजव्यापेक्षा गार पडू लागला होता. पांढऱ्या बोटांचा नवा फोटो आला तो डाव्या हाताचा.

काय केलं

प्रोप्रानोलॉल एकदम बंद करायची नसते. छातीची धडधड आणि रक्तदाब उसळू शकतो. न्यूरॉलॉजिस्टशी बोलून ती हळूहळू उतरवली आणि अर्धशिशीसाठी कॅन्डेसार्टन ही मुळात रक्तदाबाची गोळी सुरू झाली. हे औषध गर्भारपणात अजिबात चालत नाही, म्हणून तो प्रश्न आधी स्पष्ट विचारून घेतला. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लोहाची गोळी एक दिवसाआड. रोज घेतली तर आधीच्या गोळीमुळे पुढच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं आणि पोटाचा त्रासही वाढतो. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही निदान तीन महिने घ्यायची, हे दोनदा सांगितलं, कारण बरं वाटलं की ती गोळी सुटतेच.

झोतासाठी त्यांनी स्वतःच टेबल फिरवून घेतलं. या एका गोष्टीने किती फरक पडला, ते इतर बदलांपासून वेगळं काढता येणार नाही. मला ते वेगळं काढायची गरजही वाटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हातमोज्यांच्या बोलण्यात. त्या बोटं उघडी असलेले मोजे घालून टाइप करत आणि दर तासाला गरम पाण्याखाली हात धरत. दोन्ही सवयी समजण्यासारख्या. पण बधिर बोटाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही, पोळायची भीती असते. आणि अंगाला उष्णतेची तंगी आहे तोवर हात गरम केले तरी पाच मिनिटांत पुन्हा गार. शिवाय ओले हात सुकताना उरलीसुरली ऊबही जाते. कॅनडात झालेल्या प्रयोगांत कडाक्याच्या थंडीत उघड्या हातांनी बसलेल्या माणसांच्या फक्त धडाला ऊब दिली, तरी त्यांची बोटं उबदार राहिली. म्हणून सांगितलं ते असं : आत बिनबाह्यांची जाड बंडी, गळा झाकलेला, मनगटांवर उबदार पट्टी, आणि हे सगळं हात गार पडायच्या आधी. "हात गार पडलेत आणि तुम्ही मला बंडी घालायला सांगताय?" त्या म्हणाल्या. मग तिथेच करून पाहिलं. अंगावर शाल, गळ्याभोवती शालीचं टोक, जागच्या जागी थोडं चालणं. हातांना काहीही केलं नाही. काही वेळाने उजव्या मधल्या बोटाचं टोक ३२. थर्मामीटर त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि दहाही बोटं स्वतः मोजली.

झटका आलाच तर हात काखेत घ्यायचे, किंवा खांद्यापासून हात गोल फिरवायचा. फिरण्याच्या जोराने रक्त बोटांकडे ढकललं जातं. पाणी वापरायचंच तर कोमट. बाहेर पडताना पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चार बोटं एकत्र ठेवणारे मोजे बरे, आणि घट्ट नकोत.

निफेडिपिनचा वाद

हे प्रकरण एका सहकाऱ्याला दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "एवढं कशाला? निफेडिपिन सुरू करायची होती." ही रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठीही वापरतात ती गोळी. त्यांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, प्राथमिक रेनोच्या ३१३ रुग्णांवरच्या चाचणीत निफेडिपिनने झटके साखरगोळीच्या तुलनेत ६६ टक्क्यांनी कमी केले. त्याच चाचणीत बोटांचं तापमान मनाने वाढवायला शिकवण्याची बायोफीडबॅकची पद्धत मात्र कामाला आली नाही.

तरी इथे ती सुरू केली नाही. निफेडिपिनने डोकं दुखतं, चेहरा तापतो, पाय सुजतात. अर्धशिशीच्या रुग्णाला डोकं दुखवणारं औषध देताना कारण भक्कम हवं. कॅन्डेसार्टन सुरू असताना रक्तदाब आणखी खाली जाईल, ही दुसरी अडचण. आणि एका औषधाचा दुष्परिणाम दुसऱ्या औषधाने झाकायचा, हे मला पटत नाही, निदान पहिलं औषध बदलता येत असेल तोवर. सहकाऱ्यांना हे अजूनही पटलेलं नाही. ते म्हणतात, मधले महिने बाईंनी झटके उगाच सोसले. सोसले, हे खरं आहे.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन वर आलेलं, अर्धशिशी आटोक्यात. बोटं पांढरी पडायची ती आता कधीतरीच, आणि पडली तर दोन्ही हातांची सारखी. हात अजूनही गारच असतात. ते आईकडून आलेत आणि तसेच राहणार, हे त्यांना ठाऊक आहे. ऑक्सिमीटर लावायची वेळ आली तर आधी बोट चोळून घ्यायचं किंवा कानाच्या पाळीला लावायचा सांगायचं, हेही.

पुढची भेट थंडी सुरू व्हायच्या आधी ठरली आहे. तेव्हा नखाच्या मुळाशी पुन्हा पाहायचं आणि फेरिटिन करायचं. त्याआधी बोटाच्या टोकाला जखम झाली, बोटं सुजून अंगठी चढेनाशी झाली, एखादं बोट तासभर पांढरं किंवा निळं राहिलं, किंवा टेबल-माउस काही न बदलता पुन्हा एकच हात जास्त गार पडू लागला, तर तारखेची वाट न पाहता यायचं. झटके वाढून कामात अडथळा येऊ लागला, तर निफेडिपिनचा विचार तेव्हा करू.